भिंतीवरची तसबीर

आपल्या समाजापुढे शिक्षणाचे, नोकरीचे, जमिनीचे आणि न्यायाचे इतके प्रश्न उभे असताना बाहेरच्या खोलीत कोणती तसबीर लावावी याची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. शंका वाजवी आहे. परंतु घरी आलेला पाहुणा बसता बसता प्रथम भिंतीकडे पाहतो, आणि त्या घरात वाढणारे मूल अक्षरओळख होण्यापूर्वी भिंतीवरचे चेहरे ओळखू लागते. आपण कोण आहोत आणि कोणास मानतो, हे आपण तोंडाने सांगण्याआधी आपली भिंत सांगून टाकते. म्हणून तिच्याकडे केवळ शोभेची बाब म्हणून पाहता येत नाही.

घरोघर देवादिकांची चित्रे लावण्याची चाल अनादि काळापासून आहे, असा एक समज आहे. रंगीत छापील तसबिरींपुरता तरी तो खरा नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीची स्वस्त चित्रे घराघरांत जाऊन पोहोचली. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांच्या झोपडीतही देव कागदावर छापून आला. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी आपल्या माणसांना सत्याग्रह करावा लागला. पण रामाची तसबीर मात्र बाजारात पैसे मोजणाऱ्या कोणालाही मिळत होती. छापखान्याने जात विचारली नाही हे खरे. परंतु मनावरची जुनी सत्ताही त्याने हलविली नाही. उलट ती घरात आणून खिळ्याला टांगली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची होती. त्या दिवसानंतर कितीतरी घरांतून देवांचे टाक आणि तसबिरी बाहेर गेल्या. धर्मांतर कागदावर नोंदले जाण्यापूर्वी ते अशा रीतीने भिंतीवर दिसले. निरक्षर आईबापांनी पिढ्यांचे भय एका दिवसात उतरवून ठेवले, यापेक्षा मोठे धैर्य कोणते?

परंतु एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पुष्कळ घरांत तसबीर उतरली, पण खिळा तोच राहिला. त्याच जागी, त्याच उंचीवर, त्याच हारासह बुद्धाची व बाबासाहेबांची तसबीर आली आणि तिच्यापुढे जुनाच भाव हात जोडून उभा राहिला. वंदनेच्या वेळी फूल वाहण्यास आमचा विरोध नाही. कोमेजणारे फूल अनित्यतेची आठवण देते. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलाला तसबिरीपुढे उभे करून ‘मला पास कर’ असे म्हणावयास लावणे, हे बाबासाहेबांना मानणे नव्हे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना राजकारणातील व्यक्तिपूजेच्या धोक्याविषयी ज्यांनी देशाला बजावले, त्यांचीच आपण पूजा मांडावी काय? सांचीच्या प्राचीन शिल्पांत बुद्ध मानवी रूपात कोरलेलाच नाही. बोधिवृक्ष, धम्मचक्र, पाऊलखुणा आणि रिकामे आसन यांनीच त्याची खूण पटविली आहे. मूर्तीवाचूनही आदर राहू शकतो याचा याहून जुना पुरावा कशाला हवा?

मग भिंतीवर काय असावे? थोडे असावे आणि ते समजून निवडलेले असावे, असे आमचे मत आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात भिक्षापात्र घेऊन दारी आलेला बुद्ध आणि त्याच्यासमोर उभे असलेले यशोधरा व राहुल यांचे चित्र आहे. कुटुंबाच्या बैठकीत लावण्यास याहून योग्य चित्र आम्हांस दिसत नाही. कारण मूल त्याविषयी प्रश्न विचारील आणि आईबापांना उत्तर द्यावे लागेल. जोतिराव आणि सावित्रीबाई यांची तसबीर असावी. संविधानाची उद्देशिका असावी. मूळ प्रतीतील तिचे पान ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी सजविले आहे. आणि आपल्या आजी-आजोबांचे एखादे जुने छायाचित्र असेल तर तेही असावे, कारण ज्यांच्या कष्टांवर आपण शिकलो त्यांचा चेहरा ट्रंकेत ठेवण्याजोगा नाही.

काही गोष्टी मात्र निक्षून टाळाव्यात. दशावतारांच्या चित्रात बुद्धाला विष्णूचा अवतार म्हणून बसविलेले असते. पाचव्या प्रतिज्ञेने जे नाकारले ते कॅलेंडरच्या रूपाने घरात येऊ देऊ नये. ‘लाफिंग बुद्ध’ म्हणून भेटीदाखल मिळणारी ढेरपोटी आकृती गौतम बुद्धाची नव्हेच. ती चीनमधील बुदाई नावाच्या एका भिक्षूची आहे. तिने घरात पैसा येतो ही समजूत आणि तसबीर अमुक दिशेलाच लावावी हा वास्तुशास्त्राचा दंडक, दोन्ही एकाच माळेचे मणी होत.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. शहरात भाड्याने राहणाऱ्या कित्येक सुशिक्षित कुटुंबांत बाहेरच्या खोलीत निसर्गचित्र असते आणि बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत, कपाटाच्या आडोशाला असते. घरमालक किंवा शेजारी तसबीर पाहून जात ओळखतील, ही त्यामागची धास्ती. त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे, पण आम्ही ते म्हणणार नाही. कारण ही धास्ती काल्पनिक नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणासही कोणत्याही वस्तीत राहण्यास अडथळा आणणे, हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. १९७६ पासून तोच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. परंतु घर नाकारणारा खरे कारण कधी तोंडाने सांगत नाही, हे आपण सारे जाणतो.

तरीही आमचे नम्र सांगणे असे आहे की तसबीर बाहेरच्या खोलीतच लावावी. ती लपविल्याने जात लपत नाही. मुलाला मात्र एवढे कळते की जे आपल्याला सर्वांत प्रिय आहे ते चारचौघांत दाखविण्याजोगे नाही. हा धडा एकदा मनात उतरला की कोणतीही पदवी तो पुसू शकत नाही. एका घरमालकाच्या नाराजीपेक्षा ही हानी अधिक मोठी आहे.

तसबीर लावावी कशी, याविषयीही थोडे. जुनी चाल तसबीर छताजवळ, पुढे झुकती लावण्याची होती. मान वर करून देवाकडे पाहावयाचे असे. आपण ती खाली आणावी. तसबिरीचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर असला म्हणजे उभ्या माणसाची नजर सरळ तिच्यावर पडते. गुरूकडे नजरेला नजर देऊन पाहावे. जड चौकटीस दोन खिळे असावेत. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत आणि थेट उन्हाची जागा टाळावी, आणि हवा खेळावी म्हणून चौकटीच्या मागे बुचाचे तुकडे लावावेत. बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत आपल्या पिढ्या वाढल्या. तेथे बैठक, चूल आणि अंथरूण एकाच जागी असे. अशा घरात दोन तसबिरी पुरेत. भिंत भरून टाकण्यात भक्ती दिसेल, विचार दिसणार नाही.

शेवटी एक. बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ बांधले ते प्रामुख्याने आपल्या ग्रंथांसाठी. म्हणून तसबिरीच्या खाली एक फळी ठोकावी आणि तिच्यावर पुस्तके ठेवावीत. ज्या घरात तसबिरीवरील हार ताजा आहे आणि खालच्या पुस्तकांवर धूळ आहे, तेथे खिळा अद्याप जुनाच आहे असे समजावे. तो उपटून काढण्याचे काम प्रत्येकाने आपल्या घरापासून सुरू करावे.