नखाएवढा कनेक्टर आणि कंपन्यांची मुजोरी

चूक माझीच, हे आधीच कबूल करतो. गणपतीत मुंबईहून केळशीला आलेल्या भाच्याच्या हातातल्या गेमची जॉयस्टिक आपोआप एका बाजूला पळायला लागली. म्हटलं, मामा कशाला आहे? व्हिडिओ बघून मशीन उघडलं. स्क्रू तीन पात्यांचे, घरातला एकही स्क्रू-ड्रायव्हर लागेना. तिथेच थांबायला हवं होतं!

आत कागदासारखी पातळ स्ट्रिप बोर्डावरच्या कनेक्टरमध्ये बसलेली असते. कनेक्टरला बारीकसं लॉक असतं. ते नखाने अलगद उचललं की स्ट्रिप आपसूक सुटते. मी ते न उचलता स्ट्रिप खेचली आणि लॉक तुटलं. स्ट्रिप शाबूत, बोर्ड शाबूत, पण दोघांना धरून ठेवणारं काही उरलं नाही. मशीन मुकं.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. उत्तर ऐका: कनेक्टर आम्ही बदलत नाही, अख्खा बोर्ड बदलतो. बोर्ड सध्या मिळणार नाही. नवीन घ्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाहीच.

शेवटी दापोलीत मोबाईल दुरुस्त करणाऱ्या एका पोराकडे गेलो. त्याने आधी स्ट्रिपच्या मागे उष्णता सहन करणाऱ्या टेपचा बारीक तुकडा लावून ती जाड केली आणि कनेक्टरमध्ये घट्ट बसवली. दोन दिवस चाललं, मग पुन्हा सुटलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "काका, आता बदलूयाच." भंगारातले बोर्ड काढून एकेका कनेक्टरच्या पिना मोजल्या. पिना जुळल्या, तर त्यांच्यातलं अंतर जुळेना. अर्ध्या मिलिमीटरचा मामला! तिसऱ्या बोर्डावर जुळला. आजूबाजूचं प्लास्टिक वितळू नये म्हणून टेपने झाकलं, फ्लक्स लावला, हॉट एअरने जुना उचलून नवा बसवला, भिंगाखाली पिना तपासल्या. पाऊण तास लागला. गेम सुरू.

आता बघा, या पोराला ना कंपनीचा नकाशा मिळतो, ना सुटा भाग. कनेक्टर भंगारात सापडला म्हणून निभावलं. नसता सापडला तर चांगलं चालणारं मशीन नखाएवढ्या प्लास्टिकपायी कचऱ्यात.

"लहान मुलांचं खेळणं, एवढं काय?" असं म्हणणारे आहेतच. अहो, हीच स्ट्रिप आणि हाच कनेक्टर तुमच्या मोबाईलमध्ये आहे, लॅपटॉपच्या कीबोर्डला आहे, प्रिंटरमध्ये आहे. आणि आपल्या किनाऱ्यावरची खारी हवा या पिनांचं काय करते, ते इथल्या कुठल्याही रिपेअरवाल्याला विचारा. निसर्ग वादळानंतर कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा कुठल्या कंपनीचा माणूस केळशीत आला होता? जे सुरू झालं ते इथल्याच मेकॅनिकांनी केलं.

सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल काढलं. मे २०२५ मध्ये वस्तू दुरुस्तीला किती सोपी, याचे गुण देण्याबद्दल दुसऱ्या समितीचा अहवाल आला. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून. चांगलंच आहे. पण पोर्टलवर माहिती टाकणं वेगळं आणि सुटे भाग विकायची सक्ती करणारा कायदा वेगळा. तो कायदा कुठाय?

आणि तो होईल तेव्हा डोळे उघडे ठेवा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने असा कायदा केला, जुलै २०२४ पासून लागूही झाला. फोन आले, घरगुती उपकरणं आली, पण गेम कन्सोल चक्क वगळले. कंपन्यांचं नेहमीचं पालुपद: दुरुस्ती मोकळी केली तर पायरसी वाढेल. तुटलेलं प्लास्टिकचं लॉक बदलल्याने कुठला गेम चोरीला जातो, हे मला कुणीतरी समजावून सांगा. उलट स्टीम डेकसारख्या कन्सोलचे सुटे भाग २०२२ पासून परदेशात उघड विकले जातात. त्या कंपनीचं दिवाळं निघालं नाही.

मागणी साधी आहे. कनेक्टर, स्ट्रिप, बॅटरी हे सुटे विका. बोर्डाचा नकाशा द्या. आणि ते फक्त स्वतःच्या सर्व्हिस सेंटरला नको, दापोली-मंडणगडच्या टपरीवाल्यालाही त्याच भावात.

आपल्या खासदारांना हे लिहून पाठवतोय. तुमच्या घरात "बोर्ड बदलावा लागेल" ऐकून कपाटात पडलेली वस्तू असेल, तर कमेंटमध्ये लिहा: वस्तू कोणती, किती वर्षं वापरली, खर्च किती सांगितला. यादी पत्राला जोडतो.