जुन्या गाडीचा पोचा आणि आपले एस्टिमेट

आठ-दहा वर्षे वापरलेली घरची गाडी समोरून हलकी ठोकून गॅरेजमध्ये येते. बंपरचा कोपरा फाटलेला असतो, फेंडरला पोचा असतो, हेडलाइटचा एखादा कान तुटलेला असतो. मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला : स्वस्तात किती होईल? आपल्या धंद्यात त्याला दोनच उत्तरे रूढ झाली आहेत. एक तर ‘पार्ट बदलू, क्लेम टाकू’, नाही तर ‘पोटीन भरून रंग मारतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा’. पहिल्यात मालकाचा पैसा विनाकारण जातो आणि दुसऱ्यात त्याची सुरक्षितता पणाला लागते. जुन्या गाडीवर काटकसर करायची ती बाहेरच्या पत्र्यावर आणि प्लॅस्टिकवर करावी. बंपरच्या मागे जे आहे तिथे एक पैसाही वाचवू नये. आज बहुतेक एस्टिमेट याच्या उलट लिहिली जातात, कारण बिल जे दिसते त्याचेच बनते.

आधी क्लेमचा हिशेब करू, कारण तो गिऱ्हाइकापुढे कोणीच मांडत नाही. रूढ पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबराच्या पार्टवर 50 टक्के घसारा कापतात. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या पत्र्याच्या पार्टवर 40 टक्के, दहा वर्षांपुढे 50 टक्के. रंगकामाच्या बिलातला एक चतुर्थांश भाग मटेरियल धरून त्याचा निम्मा कापला जातो. शिवाय छोट्या गाडीला सक्तीची वजावट 1,000 रुपये. उदाहरणादाखल नऊ वर्षांच्या गाडीचे आकडे धरू आणि कर बाजूला ठेवू : नवा बंपर 4,000, नवा फेंडर 3,000, मजुरी 1,500, रंग 6,000, एकूण 14,500. यात कंपनी देणार 9,550 आणि मालकाच्या खिशातून जाणार 4,950. खरा फटका पुढच्या वर्षी बसतो. पाच वर्षे क्लेम नसल्याने मिळालेला 50 टक्के नो क्लेम बोनस शून्यावर येतो आणि पुन्हा 20, 25, 35, 45 असा चढत जातो. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता 5,000 धरला, तर पाच वर्षांत मिळून 6,250 रुपये जास्त भरावे लागतात. म्हणजे हा ‘फुकटचा’ क्लेम मालकाला 11,200 रुपयांना पडला. तोच बंपर सांधून, तोच फेंडर ठोकून, रंगासकट काम 8,000 मध्ये होत असेल तर मालकाने क्लेम का करावा? हे 8,000 चे काम क्लेममध्ये घातले तरी वजावट, रंगावरचा घसारा आणि गेलेला बोनस मिळून त्याचा खर्च पुन्हा 8,000 वरच येतो. झिरो डेप असेल तर गणित बदलते, पण इतक्या जुन्या गाडीला तो सहसा नसतो.

सांधलेला बंपर टिकत नाही, अशी तक्रार नेहमी येते. ती खरी आहे, पण ती पद्धतीची तक्रार आहे. बंपर उलटा करून आतली खूण वाचली की मटेरियल कळते. बहुतेकांवर ‘पीपी’ किंवा त्याचे मिश्रण लिहिलेले असते. पॉलिप्रॉपिलीनवर इपॉक्सी धरतच नाही, त्यामुळे फटीत लांबी दाबून वरून रंग मारला की पहिल्या स्पीडब्रेकरलाच ती उघडते. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून तिची वाढ थांबवावी, आतून व्ही आकाराची खाच काढावी, जाळी वितळवून बसवावी आणि पीपीचाच रॉड वापरून झाळावे. रंगाआधी प्लॅस्टिक प्रायमर हवाच, नाही तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. नुसता आत दबलेला बंपर असेल तर गरम हवा देऊन मागून ढकलला तरी बराचसा जागेवर येतो. पत्र्यालाही हेच लागू. रंग तडकला नसेल तर आतून रॉड लावून पोचा काढावा, म्हणजे कंपनीचा रंग शाबूत राहतो. तडकला असेल तर आधी डॉली-हातोडीने पत्रा पातळीवर आणावा आणि लांबीचा थर दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नये. पोटीन पाणी शोषते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उघडा पत्रा रात्रभर ठेवला आणि सकाळी त्यावर लांबी ओढली, तर गंज आतच कोंडला जातो आणि फोड काही महिन्यांत वर येतात. मग गाडी परत येते आणि दोष ‘स्वस्त कामा’ला लागतो.

आता जिथे हात आखडायचा नाही तो भाग. समोरून धक्का बसलेल्या प्रत्येक गाडीचा बंपर उतरवून पाहिलाच पाहिजे, बाहेर नुसता ओरखडा असला तरी. प्लॅस्टिक दबून पुन्हा पूर्वीच्या आकारात येते, पण मागचा लोखंडी बीम वाकलेलाच राहतो. बोनेट आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, एप्रनवरचा सीलर तडकला आहे का, बोल्टभोवतीचा रंग सरकल्यासारखा दिसतो का, रेडिएटरचा सपोर्ट तिरका झाला आहे का, कंडेन्सरच्या जाळीला मार आहे का : ही पाहणी फार वेळ खात नाही. चाकाला धक्का असेल तर लोअर आर्म आणि अलाइनमेंट तपासल्याशिवाय गाडी सोडू नये. लेग वाकला असेल तर गॅस कटरने तापवून सरळ करणे हा गुन्हाच समजावा. मजबूत पोलादाची ताकद त्या उष्णतेने जाते आणि पुढच्या टकरीत तो भाग हवा तसा दुमडत नाही. एअरबॅग आणि बेल्ट भंगारातून आणू नयेत. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा रेझिस्टर लावून विझवण्याची युक्ती तर कोणीही, कोणत्याही दरात करू नये. बाकी कुर्ल्याच्या किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातला त्याच रंगाचा दरवाजा, बोनेट, ग्रिल, हेडलाइट खुशाल लावा. मालकाला तो जुना आहे हे सांगा आणि बिलात तसे लिहा.

यावर गॅरेजवाले म्हणतील की पार्ट बदलले नाहीत तर आम्ही काय कमवायचे? बदललेल्या पार्टच्या किमतीतला मोठा हिस्सा आपल्याकडे थांबतच नाही, तो डीलरकडे जातो. सांधणे, ठोकणे, रंग जुळवणे ही मजुरी मात्र पूर्ण गॅरेजची. ज्या गॅरेजात चांगला डेंटर आहे त्याला हा धंदा फायद्याचा आहे, आणि डेंटर टिकवायचे तर त्यांना असे काम मिळायला हवे. नुसते बोल्ट फिरवून कारागीर तयार होत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : बंपर उतरवून पाहण्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. देत नाही, कारण आपण ते वेगळे लिहीत नाही. ‘बंपर उतरवून आतली तपासणी’ अशी ओळ दरासह एस्टिमेटच्या डोक्यावर असावी आणि उतरवलेल्या भागाचे फोटो मालकाच्या मोबाइलवर जावेत. वाकलेला बीम एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर शंभरातला एखादाच त्यावर घासाघीस करील.

काही ठिकाणी वरचा हिशेब मोडतो, आणि ते गिऱ्हाइकाला आधीच सांगायला हवे. अपघातात कोणी जखमी असेल किंवा दुसऱ्याच्या गाडीचे नुकसान झाले असेल, तर बोनस वाचवण्याच्या नादात माहिती दडवू नये. विमा कंपनीला कळवलेच पाहिजे. आणि बंपर उतरवल्यावर आत लेग किंवा बीम वाकलेला निघाला, तर खर्च आठ हजारांत बसत नाही, मग क्लेमच योग्य ठरतो. अशा वेळी हातोडी बाजूला ठेवावी, फोटो काढावेत, मालकाला फोन करावा आणि सर्व्हेयर पाहून जाईपर्यंत गाडी जशीच्या तशी उभी ठेवावी. काम सुरू केल्यावर केलेला क्लेम बहुधा अडकतो आणि त्याचा भुर्दंड मालकावरच पडतो.