पायाखालची थरथर

विजेची गाडी इंजिनाच्या धडधडीतून सोडवते, म्हणूनच तिच्यातली थरथर जास्त खटकते. अमेरिकेत 2015 साली आलेल्या टेस्लाच्या मॉडेल एक्सच्या अनेक मालकांना ती चांगलीच ओळखीची आहे: ॲक्सिलरेटर जोरात दाबला की गाडीचा पुढचा भाग थरथरतो, पाय उचलला की थांबतो. ही खूण फार मोलाची! चाकाचा तोल बिघडलेला असता, तर पाय कुठेही असो, ठरावीक वेगाला थरथर आलीच असती. इथे ती ताकदीशी बांधलेली आहे. म्हणजे संशय हाफ शाफ्टवर, मोटरचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यावर. त्याच्या आतल्या सांध्यात तीन रोलर खाचांतून सरकतात. दांडा तिरका असताना जोर पडला की दर फेरीला तीन धक्के बसतात, खाचा झिजत जातात. आणि विजेची मोटर तर जागेवरूनच पुरा जोर लावते. एअर सस्पेन्शनवर गाडी उंच ठेवली की दांड्याचा कोन वाढतो, खाली आणली की थरथर कमी होते. त्यामुळे नुसता दांडा बदलून गाडी परत देणं ही अर्धीच दुरुस्ती. कोन तोच राहिला तर नव्या खाचाही झिजणार. अशी थरथर जाणवणाऱ्यांनी व्हील बॅलन्सिंगवर पुन्हापुन्हा पैसे घालू नयेत. मेकॅनिकला शेजारी बसवून चढावर जोर देऊन दाखवावं, गाडीची उंची बदलता येत असेल तर बदलून पुन्हा दाखवावं, आणि दोन्ही वेळचा फरक जॉब कार्डावर लिहून घ्यावा.