कीर्तन पेलणारा प्लेअर

संगणकावर गाणी ऐकायला कोणता प्लेअर टाकावा, हा प्रश्न परभणीत मला विचारणारे बहुतेक लोक तरुण नसतात. कुणी निवृत्त शिक्षक असतात, कुणी भजनी मंडळातले टाळकरी, कुणी सेलू-मानवतकडचे शेतकरी. मुलगा पुण्याला गेला तेव्हा मागे राहिलेला दोन जीबी रॅमचा संगणक त्यांच्याकडे असतो आणि कॅसेटवरून उतरवलेला, मोबाइलच्या दुकानातून पेनड्राइव्हवर भरून आणलेला साठा असतो: हरिपाठ, कीर्तनं, भारुडं, जनाबाईंचे अभंग. त्यांना मी ठामपणे सांगतो, प्लेअर हलकाच टाका. मात्र हलका कशाला म्हणायचं, ते आपण काय ऐकतो त्यावरून ठरवायला हवं.

हलक्या-जडाचा हा वाद जुनाच आहे. जस्टिन फ्रँकेल आणि दिमित्री बोल्डीरेव्ह यांनी १९९७ साली विनॅम्प आणला, तेव्हा तो जेमतेम ताकदीच्या संगणकावरही विनातक्रार चालायचा. आपल्याकडच्या नेटकॅफेंमध्येही तोच असायचा. १९९९ साली एओएलनं विनॅम्पची कंपनी विकत घेतली आणि २००२ साली विनॅम्पची तिसरी आवृत्ती आली. ती नव्यानं बांधलेली, सोयींनी भरलेली आणि इतकी संथ होती की लोक दुसऱ्या आवृत्तीलाच धरून बसले. शेवटी २००३ च्या अखेरीस दोन्हींचा मेळ घालून पाचवी आवृत्ती काढावी लागली. दोन अधिक तीन म्हणून पाच.

त्याच २००२ साली, आधी विनॅम्पशी संबंधित काम केलेल्या पीटर पावलोव्स्की यांनी फूबार२००० आणला. दिसायला अगदी साधा: एक खिडकी, गाण्यांची यादी आणि चार बटणं. बाकी जे लागेल ते ज्यानं त्यानं वेगळ्या जोडण्या टाकून मिळवायचं. मला ही रीत सगळ्यात शहाणपणाची वाटते. सोय आधी लादायची नाही, मागितली की द्यायची.

पण नुसतं हलकेपण आपल्याला पुरत नाही, हे मला गंगाखेडच्या एका टाळकरी काकांमुळे नीट कळलं. त्यांच्या संगणकावर कुणीतरी जुना, अगदी चिमुकला प्लेअर टाकून दिला होता. ते म्हणाले, “बाळा, आवाज येतो बघ, पण अभंगाचं नाव काही दिसंना गेलंय. नुसते प्रश्नचिन्हंच दिसायलेत.” त्या प्लेअरला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची सामायिक पद्धत, कळत नव्हतं, त्यामुळे देवनागरी वाचताच येत नव्हती.

एमपी३ फाइलमध्ये गाण्याचं नाव लिहायची जी पहिली पद्धत आली, तिच्यात फाइलच्या शेवटी एकूण १२८ बाइट राखलेले असतात आणि त्यांतले ३० नावासाठी. इंग्रजीची तीस अक्षरं त्यात बसतात. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, त्यात काना, मात्रा आणि हलन्तही आले. हिशेब केला तर ‘ज्ञानेश्वर’ एवढ्यातच तीसच्या तीस बाइट संपतात, ‘हरिपाठ’ लिहायला जागाच उरत नाही. पुढच्या पद्धतीत ही मर्यादा गेली आणि युनिकोडही आलं. ते वाचता येणं ही इंग्रजी श्रोत्याला जादाची सोय वाटेल, आपल्याला तिच्यावाचून चालणारच नाही.

हरिपाठाचंच आणखी एक आहे. एका दमात म्हटलेला हरिपाठ सीडीवर अभंगागणिक तुकडे करून ठेवलेला असतो. एमपी३ करताना प्रत्येक तुकड्याच्या आगेमागे थोडी शांतता आपोआप चिकटते. साधा प्लेअर ती तशीच वाजवतो आणि दोन अभंगांच्या मध्ये पखवाज क्षणभर अडखळतो. सिनेमाच्या सुट्या गाण्यांत ते जाणवत नाही. टाळकऱ्याला मात्र पहिल्याच वेळी जाणवतं, कारण त्याचा हात चालूच असतो. ही शांतता किती, याची नोंद बहुतेक वेळा फाइलमध्येच असते. चांगला प्लेअर ती वाचून तेवढा भाग कापतो, फूबार तर हे मुळातच करतो.

आवाजाची पातळी हे तिसरं. मंडपात मोबाइलवर उतरवलेलं कीर्तन आणि स्टुडिओतला अभंग लागोपाठ लावले, की एकदा कान टवकारावे लागतात आणि एकदा धावत जाऊन आवाज कमी करावा लागतो. रिप्लेगेन नावाची सोय प्रत्येक फाइल मोजून तिच्या आवाजाचा आकडा लिहून ठेवते आणि वाजवताना सगळ्या फाइली एका पातळीवर आणते. मूळ ध्वनीला ती हात लावत नाही. ही सोय मी आनंदानं घेईन.

ज्याला माझा विरोध आहे, ते वजन निराळं. मुखपृष्ठांच्या चित्रांची भिंत, नाचणाऱ्या रंगीत रेघा, आतलं दुकान, उघडल्याबरोबर इंटरनेट शोधणं. त्याहून वाईट म्हणजे काही मोठे प्लेअर गाणी स्वतःच्या फोल्डरमध्ये पुन्हा उतरवून घेतात. आयट्यून्समध्ये तशी सोय होती, आणि ती चालू असली की लहान हार्डडिस्कवर तोच साठा दोनदा बसायचा. तुम्ही लावलेल्या याद्या आणि दिलेले तारे अशा प्लेअरच्या स्वतःच्या वहीत राहतात. प्लेअर बदलला की त्या बहुधा मागेच राहतात आणि वही बिघडली तर सगळंच जातं. पुन्हा आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. फोल्डर उघडून थेट वाजवणाऱ्या प्लेअरला अशा वेळी गमावण्यासारखं फारसं काही नसतं.

तेव्हा विंडोजच्या जुन्या संगणकावर फूबार टाका. कीर्तनाचे व्हिडिओही पाहायचे असतील तर जोडीला व्हीएलसी असू द्या. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या उपक्रमातून तो उभा राहिला, फुकट आहे आणि जाहिराती दाखवत नाही. फोनवर ऐकणाऱ्यांनी म्युझिकोलेट पाहावा. हे भारतीय अ‍ॅप इंटरनेटची परवानगीच मागत नाही. त्यात अनेक रांगा लावता येतात आणि प्रत्येक रांग कुठे थांबली ते लक्षात राहतं. दोन तासांचं कीर्तन निम्म्यावर सोडून भारूड ऐकलं, तरी परत तिथूनच सुरू करता येतं.

आणि प्लेअर टाकण्याआधी एक संध्याकाळ फाइलींना द्या. दुकानातून आलेल्या फाइलींच्या नावांत कुठल्या कुठल्या वेबसाइटची नावं घुसलेली असतात, ती काढा. महाराजांचं नाव, गाव, साल आणि अभंगाचं पहिलं चरण युनिकोड मराठीत लिहा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली नावं पुन्हा टाइप करा, नाहीतर प्लेअरमध्ये ती अगम्य खुणांसारखी दिसतील. गावागणिक फोल्डर करा आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून मंडळातल्या कुणाकडे तरी ठेवायला द्या.