क्रेथिसची गढी आणि तिची बाग

मंडळी, ‘कॅसल’ म्हटलं की आपण ‘किल्ला’ म्हणून मोकळे होतो. स्कॉटलंडमधल्या ‘टॉवर हाऊस’ला मात्र तो शब्द मला पटत नाही. फौज ठेवायला नव्हे, तर एका जमीनदार कुटुंबाला सुरक्षित राहता यावं म्हणून बांधलेलं ते उंच, जाड भिंतींचं घर. आपला ‘गढी’ हा शब्दच तिथे शोभतो.

ॲबर्डीनच्या पश्चिमेला, बँचरी गावाजवळची क्रेथिसची गढी अशीच. रॉबर्ट द ब्रूस राजाने १३२३ साली बर्नेट घराण्याला इथली जमीन दिली. त्याची खूण म्हणून सांगितलं जाणारं हस्तिदंती शिंग आजही दिवाणखान्यात आहे. बांधकाम १५५३ ला सुरू झालं, संपलं १५९६ ला. वर जायला अरुंद गोल जिना, आणि त्यात शत्रू अडखळावा म्हणून मुद्दाम वेगळ्या उंचीची एक पायरी. (शत्रूचं सोडा, आमचे गुडघेच अडखळले!) छताच्या लाकडांवर नऊ वीरांची रंगीत चित्रं आहेत. आणि हिरव्या वस्त्रातल्या बाईचं भूत! बहुतेक मंडळी त्या भुताच्या खोलीत रेंगाळतात आणि बाग पाच मिनिटांत उरकतात.

माझा आक्षेप आहे तो इथेच. या जागेतली सर्वांत नवलाची वस्तू बाहेर आहे. १७०२ साली लावलेली ‘यू’ झाडांची कुंपणं... हिरव्या भिंतीच म्हणा ना! दगडाची भिंत दहा वर्षं दुर्लक्ष झालं तरी उभी राहते. हिरवी भिंत दोन-तीन वर्षं कापली नाही तर आकारच सोडते. म्हणजे तीनशेहून अधिक वर्षं कुणी ना कुणी कात्री घेऊन शिडीवर चढत आलंय. बर्नेटांची वंशावळ सापडते, या माळ्यांची कुठे शोधायची?

विसाव्या शतकात सर जेम्स बर्नेट आणि लेडी सिबिल यांनी याच कुंपणांच्या आधाराने रंगवार फुलांचे वेगवेगळे कप्पे रचले. १९५१ साली सर जेम्सनी गढी ‘नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड’च्या हवाली केली. घराचा मोह सोडणं सोपं नसतं, हे आपल्या नातेवाइकांना मी वेगळं सांगायला नको! १९६६ च्या आगीत गढीची एक नंतरची बाजू जळाली.

कुणी जाणार असाल तर जून-जुलैत जा. गढीला तास पुरतो, बागेला अर्धा दिवस ठेवा. आणि माळी कामात दिसला तर थांबून दोन शब्द जरूर बोला.