आधी जुना लॅपटॉप, मग लायब्ररी

कोणती ग्राफिक्स लायब्ररी घ्यावी, हे आपण सहसा आपल्याच दणकट मशीनवर बसून ठरवतो. आमचा आग्रह आहे की हा निर्णय आपल्या खेळाडूंकडच्या सर्वांत संथ लॅपटॉपवर व्हावा.

इंटेलचं २०११ मधलं एचडी ग्राफिक्स ३००० घ्या. विंडोजवर त्याचा ड्रायव्हर ओपनजीएल ३.१ च्या पुढे जात नाही आणि व्हल्कनचं तर नावच नको. रेलिब डेस्कटॉपवर मुळात ३.३ मागते, त्यामुळे तुमचा गेम तिथे उघडणारच नाही. तीच रेलिब ओपनजीएल २.१ साठी कंपाइल केली, शेडर त्या बेताने लिहिले, की मार्ग निघतो. एसडीएल२ चा रेंडरर विंडोजवर आपणहून डायरेक्ट३डी ९ निवडतो, म्हणून टूडी गेमसाठी आमचं पहिलं मत त्याला. पायगेम शिकायला उत्तम, पण त्याचं नेहमीचं ब्लिटिंग सीपीयूवरच होतं. फुलस्क्रीन स्क्रोलिंगला ते दमतं.

गेम उघडला, तरी वेगाचा प्रश्न उरतोच. इथे लायब्ररीइतकीच आपली चित्र काढण्याची पद्धतही महत्त्वाची ठरते. ६० एफपीएससाठी एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १३६६ × ७६८ चा स्क्रीन म्हणजे साधारण साडेदहा लाख पिक्सेल, प्रत्येकी चार बाइट. पूर्ण स्क्रीनभर पसरलेला एक अर्धपारदर्शक थर काढायचा तर टेक्स्चर वाचा, खालचा रंग वाचा, नवा लिहा. ढोबळ हिशेबाने फ्रेममागे साडेबारा एमबी. पॅरलॅक्सचे असे पाच थर लावले की सेकंदाला पावणेचार जीबी होतात. डीडीआर३-१३३३ ची एकच स्टिक असेल, तर कागदावरची एकूण क्षमताच १०.६ जीबी, आणि त्यातच सीपीयूचाही वाटा. लायब्ररी कितीही चपळ असो, ही रहदारी ती कमी करू शकत नाही. सर्वांत मागच्या अपारदर्शक थराचं ब्लेंडिंग बंद करणं मात्र आपल्या हातात आहे, आणि ते फार थोडे जण करतात!

ड्रॉ कॉलचंही तेच. एसडीएलमध्ये २.०.१० पासून बॅचिंग आहे, पण मध्येच टेक्स्चर बदललं की बॅच तुटते. स्प्राइट एका अ‍ॅटलासमध्ये आणा, ड्रॉचा क्रम टेक्स्चरनुसार लावा, आणि मगच दोन लायब्ऱ्यांची तुलना करा. आकडे एफपीएसमध्ये नव्हे, मिलिसेकंदांत नोंदवा, व्हीसिंक बंद ठेवून, लॅपटॉप चांगला तापल्यावर.