आजी सांगतच होती

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या व्याख्यानमालेत एका नामवंत डॉक्टरांनी मोठी टाळी मिळवली. हल्ली लोक 'सार्वजनिक आरोग्याचे सामाजिक आणि वर्तनविषयक पैलू' असल्या विषयात पीएच.डी. करतात, असे त्यांना कुठूनसे कळले होते. "जेवणाआधी हात धुवा, हे सांगायला पीएच.डी. कशाला लागते? माझी आजी सांगतच होती!" सभागृह खदखदून हसले. शेजारी बसलेली माझी भाची हसली नाही, कारण ती त्याच विषयात पीएच.डी. करते आहे. मीही हसले नाही, कारण मी ती करून बसले आहे. तीही वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, सरकारी रुग्णालयातली समाजसेवा अधीक्षकाची नोकरी सांभाळून.

खंडनाआधी पूर्वपक्ष मांडावा अशी आपल्याकडची रीत आहे. तर डॉक्टरसाहेबांचे म्हणणे असे: लोक अडाणी असतात, त्यांना सांगितले की कळते, आणि कळले की वळते. ज्याला साधे इंजेक्शन टोचता येत नाही, त्याने नावापुढे 'डॉ.' लावून लोकांना फसवू नये. प्रश्नावल्या भरून आजवर कुणाचा ताप उतरलेला नाही. आणि एवढी पाच-सहा वर्षे घालवून पदरी काय, तर बेताचा पगार आणि जाडजूड प्रबंध. मी थोडे भडक करून सांगते आहे, पण फार नाही.

शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. पगार बेताचाच असतो. 'डॉ.'चे म्हणाल तर तो शब्द मुळात शिकवणाऱ्यांचा. वैद्यांनी तो नंतर घेतला आणि आम्ही कधी परत मागितला नाही. तापाचे पुढे बघू. मला बोलायचे आहे ते आजीविषयी.

आजी सांगत होती, हे मान्य. आजोबा धूत होते का? पंचाईत सगळी तिथेच आहे. सांगणाऱ्यांची टंचाई जगात कधीच नव्हती. आणि हात न धुणाऱ्यांच्या इतिहासातली ठळक मंडळी कोण होती, हे डॉक्टरसाहेब सोयिस्कर विसरले. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात सुइणी बाळंतपण करत, दुसऱ्यात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी. डॉक्टरांच्या विभागात बायका कितीतरी अधिक मरत, आणि हे गावभर ठाऊक असल्यामुळे 'मला सुइणींकडेच ठेवा' म्हणून त्या हातापाया पडत. डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येत होते. 1847 साली इग्नाझ सेमेलवाइसने क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. पुरावा डोळ्यांसमोर होता, श्रोते उच्चशिक्षित होते, सांगणारा त्यांच्यातलाच होता. तरी वरिष्ठांना ते पटले नाही. आपल्या हातांना मरण लागलेले असते, हे कोणत्या सभ्य गृहस्थाला पटेल? 1865 साली सेमेलवाइस वेड्यांच्या इस्पितळात मेला. 'कळले की वळते' या सिद्धान्ताचा निकाल तिथेच लागायला हरकत नव्हती.

(व्याख्यानानंतर चहा-बटाटेवडा होता. बेसिनवर साबण नव्हता. वक्त्यांनी रुमालाला हात पुसले आणि वडा घेतला. मीही घेतला.)

आता तापाकडे, म्हणजे खोकल्याकडे येते. स्वातंत्र्यानंतर क्षयरोगाशी झुंजताना सगळ्या शहाण्यांचे एकमत होते: खेड्यातल्या माणसाला खोकल्याचे गांभीर्य नाही, तो दवाखान्यात येणार नाही, तेव्हा एक्स-रेच्या गाड्या घेऊन त्याच्या दारी जा. यालाच सामान्य अक्कल म्हणतात. बंगळुरूला 1959 साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली. तिथल्या डॉ. डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात एक अगदी साधी गोष्ट केली. त्यांनी रोग्यांना विचारले. तुम्हाला त्रास जाणवतो का? काळजी वाटते का? मग तुम्ही काय केलेत? उत्तर 1963 साली छापून आले. बहुतेकांना त्रास जाणवत होता, आणि निम्म्याहून अधिक रोगी आपल्या पायांनी दवाखान्यात जाऊन आले होते. तिथे त्यांना काय मिळाले? खोकल्याच्या औषधाची बाटली. थुंकी कुणी तपासलीच नाही.

म्हणजे रोगी येत होते आणि आपण त्यांना घरी पाठवत होतो. अडाणीपण सापडले, पण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. गाड्या फिरवण्याआधी साध्या दवाखान्यात थुंकी तपासायची सोय करा, ही राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमामागची दिशा अशा कामातून पक्की झाली. बॅनर्जी स्वतः डॉक्टर होते. रोग्यांना विचारण्याऐवजी त्यांनीही एक बाटली लिहून दिली असती तर सभागृहाने त्यांनाही टाळ्या दिल्या असत्या. ताप कुणी उतरवला, याचा हिशेब मी वाचकांवर सोडते.

हा युक्तिवाद माझ्यासाठी नुसता पुस्तकी नाही. आमच्या रुग्णालयात औषध सोडलेल्या क्षयरोग्याच्या कार्डावर 'डिफॉल्टर' लिहीत. कर्ज बुडवल्यासारखे! (जागतिक आरोग्य संघटनेने हा शब्द 2013 साली टाकून दिला, पण आमच्या बाबूंच्या जिभेवरून तो गेला नाही.) असाच एक बुडव्या म्हणून माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलेला हमाल आठवतो. तेव्हा आठवड्यातून तीनदा केंद्रावर येऊन, कर्मचाऱ्यासमोर गोळ्या गिळायची पद्धत होती. केंद्र नऊला उघडे. भाजी मार्केटमध्ये गाड्या पहाटे लागत आणि नऊपर्यंत दिवसाची मजुरी ठरून जाई. मी त्याला पंधरा मिनिटे आजाराचे गांभीर्य समजावले. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "बाई, मला समजलं. आता तुम्ही त्यांना समजवा, सहाला उघडा म्हणावं." मी समजवायला गेले. कोणी समजून घेतले नाही. पीएच.डी.चा अर्ज मी त्या वर्षी भरला.

हे एकट्या क्षयरोगाचे नाही. बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांचे घ्या. 2019 साली शासनाच्या समितीपुढे आकडे आले: पाहणी झालेल्या 82 हजारांहून अधिक बायकांपैकी 13 हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली. लगेच निदान झाले, जागृतीचा अभाव! भिंतीवर पोस्टरे लावा! पण त्या बायकांच्या पालावर जाऊन बसले की निराळेच कळते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एक दिवस खाडा झाला की दंड. पाळीत दिवसभर फडात उभे राहायचे, आडोसा नाही, पाणी नाही, आणि अंगावरून जाते म्हणून दवाखान्यात गेले तर 'कॅन्सर होईल' ही भीती घालणारा कुणीतरी असतोच. या हिशेबात पिशवी काढणे हे अज्ञान नव्हे, ती जमाखर्चाची ओळ आहे. ही ओळ रक्ततपासणीत दिसत नाही. ती दिसायला उचल, खाडा आणि मुकादम हे शब्द आरोग्याचे शब्द आहेत, हे आधी कळावे लागते.

इथे मला जुना वाद आठवतो. प्राध्यापकांच्या खोलीत चहाच्या कपावर तीस वर्षे चाललेला. एमबीबीएसची पोरे पीएसएमच्या, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाच्या, तासाला मागच्या बाकावर झोपतात, आणि झोपलेली हीच पोरे पुढे 'पेशंट ऐकतच नाहीत' म्हणून कपाळावर हात मारतात. मी हे म्हटले की कुणीतरी हमखास म्हणे, "तुमच्या विषयात मोजमाप कुठे आहे?" म्हणणारे गृहस्थ स्वतःचा रक्तदाब मोजत नसत. आणि मोजमापच हवे तर 1897 साली पुण्यात प्लेगच्या वेळी प्लेग कमिशनर रॅंडच्या सोजिरांनी झडत्या घेऊन घरे मोजली होतीच. रोगी दिसला की उचलायचा, हा वैद्यकीय दृष्टीने बिनतोड विचार होता. फक्त माणसे रोगी लपवायला लागली, आणि जूनमध्ये रॅंडवर गोळ्या झाडल्या गेल्या. असो. हा विषय निघाला की मी भरकटते.

आता मंडन. ते खंडनाइतके जोरकस होणार नाही, कारण या पीएच.डी.चे समर्थन करताना मला घरचे उकिरडेही दिसतात. दर वर्षी किती प्रबंध निघतात, ज्यांत सूत्र लावून 384 हा नमुन्याचा आकडा काढलेला असतो, 384 जणांना 'ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण' विचारलेले असते, आणि शेवटी 'जनजागृतीची गरज आहे' अशी शिफारस असते. यासाठी खरेच आजी पुरे. पण वाईट शस्त्रक्रिया होतात म्हणून कुणी शल्यशास्त्र बंद करत नाही. नीट केलेल्या पीएच.डी.त माणूस एक गोष्ट शिकतो, आपल्याला उघड वाटणाऱ्या उत्तरावर संशय घेणे. आणि तो संशय दुसऱ्याला तपासता येईल अशा रीतीने मांडणे. याला वर्षे लागतात. मला सात लागली, त्यांतले दीड मी 'लोक ऐकत का नाहीत' हा माझा मूळ प्रश्नच चुकीचा होता हे कबूल करण्यात घालवले.

भाची दिवाळीनंतर एका साखर कारखान्याजवळच्या पालांवर गेली होती. तिच्या प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न होता: मासिक पाळीतील स्वच्छतेविषयी आपणांस माहिती आहे का? पालावरच्या बाईने कोयत्याला धार लावता लावता वर पाहिले. "माहिती हाय की. पानी कुठनं आनायचं ते इचारा की वो ताई."

भाचीने तो प्रश्न खोडला. त्या जागी घालायचा नवा प्रश्न मार्गदर्शकांनी दोनदा परत पाठवला आहे, आणि माझ्या मते दोन्ही वेळा बरोबर.